वाळवंटात थिजणारं तेल

(दृश्य: बाडमेर. उन्हाळ्यातली दुपार. क्षितिजापर्यंत वाळू आणि खेजडीची तुरळक झाडं.)

राजस्थानातलं बाडमेर. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि याच वाळूखालून निघणारं खनिज तेल गारठून थिजतं.

थट्टा नाही ही. २००४ साली इथल्या ‘मंगला’ क्षेत्रात जे तेल सापडलं, त्यात मेणाचं प्रमाण भलतंच. ६५ अंशांच्या आसपास ठेवलं तर ते वाहतं. निवत गेलं की मेणाचे कण धरू लागतात, आणि चाळिशीच्या घरात येईस्तोवर सगळं घट्ट. जानेवारीत आपण खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतो ना, तीच गत. फक्त इथली बाटली सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, आणि जमिनीत पुरलेली. तिथे ऊन पोचतच नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झालं, तेव्हा सुरुवातीचं तेल ट्रकनं हलवावं लागलं. मग आली पाइपलाइन: बाडमेरहून गुजरातेत कच्छच्या आखातावरच्या सलायापर्यंत, आणि पुढे भोगातच्या किनाऱ्यापर्यंत. २४ इंच व्यासाचा पोलादी पाइप, त्यावर फोमचं जाड आवरण, वर प्लॅस्टिकचं कवच. बांधली तेव्हा एवढी लांब, सलग तापवत नेलेली पाइपलाइन जगात शोधून सापडली नसती.

(दृश्य: पाइपचा आडवा छेद. फोमच्या आत, पाइपला चिकटून एक बारीक नळी.)

ही बारीक नळी बघा. खरी गंमत हिच्यात आहे.

मुख्य पाइपला जोडलेली ही साधी पोलादी नळी. तिच्यातून एक विद्युतरोधक वेष्टनाची केबल जाते आणि पलीकडच्या टोकाला नळीलाच जोडलेली असते. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह केबलमधून जातो आणि नळीच्या अंगानं परततो. पण हा प्रवाह नळीच्या सगळ्या जाडीतून वाहत नाही. केबलच्या ओढीनं तो आतल्या पृष्ठभागाला बिलगतो, जेमतेम मिलिमीटरभर थरात. वाट अरुंद, म्हणून रोध जास्त, म्हणून उष्णता. बाहेरच्या अंगावर मात्र वीज जवळजवळ शून्य. इंजिनिअर याला ‘स्किन इफेक्ट’ म्हणतात.

साधारण दर २० किलोमीटरवर एक तापन केंद्र आहे. त्याला वीज कुठून? तेलाच्या पाइपशेजारून गॅसची एक छोटी पाइपलाइन धावते. तोच गॅस जाळून केंद्रावर वीज तयार होते. म्हणजे बाडमेरचं तेल बाडमेरच्याच गॅसवर ऊबदार राहत गुजरात गाठतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. ही वीज तेल ‘तापवण्यासाठी’ नसते. तेल निघतानाच गरम असतं. वाटेत जेवढी ऊब मातीत झिरपते, तेवढीच भरून काढायची. म्हणून माझ्या मते या व्यवस्थेत केबलपेक्षा आवरण मोठं. आवरणात पाणी शिरलं की कितीही वीज ओता, ती माती तापवण्यात जाते.

(दृश्य: कारखान्यातले पाइप, झडपा, पाइपांवरचं पत्र्याचं आवरण.)

कारखान्यांत हेच काम पूर्वी वाफ करायची. पाइपला तांब्याची नळी बांधायची, तीत वाफ सोडायची. अजूनही करतात. ट्रॅप, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी झडप, गळू लागला की फुसफुस ऐकत बसा.

विजेची स्वयंनियंत्रित केबल त्याहून समंजस. दोन तारांच्या मधे कार्बनचे कण मिसळलेलं प्लॅस्टिक. गारठलं की ते आक्रसतं, कण जवळ येतात, प्रवाह वाढतो. तापलं की फुगतं, कणांची साखळी तुटते, प्रवाह घटतो. केबलचा प्रत्येक वीतभर तुकडा आपापलं बघतो. टाकीला मात्र बहुधा तळाशी सपाट हीटर चिकटवतात, कारण ऊब आपसूक वर चढते.

आणि जास्त तापवणं हाही उपाय नव्हे. रिफायनरीत तेलातून काढलेलं गंधक ११९ अंशांच्या आसपास वितळून पाण्यासारखं वाहतं. १५९ च्या पुढे नेलंत की तेच काकवीहून चिकट होतं, पंपाला दाद देत नाही. त्याला या दोन आकड्यांच्या मधेच सांभाळावं लागतं.

(दृश्य: बर्फात उभी वंदे भारत.)

आता उत्तरेला. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. काश्मीरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्ला-ए-कलान’चे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, ४० दिवस, दल सरोवरावर बर्फाचा पापुद्रा. अशा दिवसांत गाडीतलं पाणी गोठलं तर नळ बंद, शौचालय बंद. म्हणून या गाडीच्या पाण्याच्या आणि जैव-शौचालयाच्या टाक्यांना हीटर आहेत. चालकाच्या समोरच्या काचेतही तापणाऱ्या तारा आहेत.

युरोपात गाडीबरोबर रूळही तापवतात. सगळे नव्हे, फक्त सांधे बदलतात तिथले. जिभेच्या, म्हणजे सरकणाऱ्या निमुळत्या रुळाच्या, आणि मुख्य रुळाच्या फटीत बर्फ ठासला की जीभ पुरती टेकत नाही. ती टेकल्याची खात्री यंत्रणेला मिळत नाही, आणि सिग्नल लाल तो लालच. म्हणून तिथे रुळाला पट्टीसारखे हीटर बसवलेले असतात. अमेरिकेतल्या शिकागोत काही ठिकाणी गॅसच्या ज्वाळाही पेटवतात. ‘रुळांना आग लागली’ म्हणून दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ बहुधा तिथलेच. गाड्या त्या ज्वाळांवरून निवांत जातात.