घर विकताना दलाल हवा की नको?

श्रोतेहो, नमस्कार. घर विकायचं ठरलं की पहिला वाद होतो तो दलालीवरून. "चार फोन घ्यायचे, दार उघडून घर दाखवायचं, त्याचे एवढे पैसे?" असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "पण हे सगळं करायला वेळ कुणाला आहे?" दोघंही दलालाचं काम एकच धरून चालतात. खरं तर ती पाच कामं आहेत. भाव ठरवणं, गिऱ्हाईक आणणं, आलेल्यांतून खरे निवडणं, बोलणी करणं आणि कागदांचा पाठपुरावा. यातली कोणती तुम्हाला जमतील आणि कोणती अजिबात नाहीत, एवढं आधी कागदावर मांडा.

भावापासून सुरुवात करू, कारण घोडं बहुतेकदा तिथंच अडतं. जाहिरातीतले आकडे पाहून भाव ठरवू नका. ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. आपल्यासारख्याच घरांचे गेल्या सहा महिन्यांत खरोखर पूर्ण झालेले तीन ते पाच व्यवहार शोधा आणि प्रत्येकाचा दर चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, काढा. एकाचा दर चटई क्षेत्रावर आणि दुसऱ्याचा भिंतीही धरणाऱ्या बांधकाम क्षेत्रावर धरला, तर तुलनाच फसते. मग मजला, उजेड, वाहनाची जागा, इमारतीचं वय यांसाठी थोडं वरखाली करा. आणि तुम्ही स्वयंपाकघरावर हौसेनं केलेला खर्च? तो जसाच्या तसा वसूल होत नाही. घेणारा कदाचित ते सगळं काढूनच टाकणार असतो.

दलालाला भाव विचारायचा असेल तर एकाला नको, तिघांना विचारा. तिघांतला सर्वांत मोठा आकडा सांगणारा आपल्याला आवडतो आणि काही जण नेमका त्यासाठीच तो सांगतात. करारावर सही झाली की तीन आठवड्यांनी "बाजार थंड आहे, थोडं खाली या" सुरू होतं. तोवर नव्या जाहिरातीकडे वळणाऱ्या नजरा ओसरलेल्या असतात. इतके दिवस घर का पडून आहे, अशी शंकेची पाल पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनात चुकचुकते. म्हणून आकडा सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "कोणत्या व्यवहारांवरून हा भाव काढलात?"

आता दलालाचं हित आणि तुमचं हित यांचं गणित. समजा घराला १०० मिळतात आणि दलाली २ टक्के आहे. महिनाभर थांबलं तर १०५ मिळतील. तुमच्या पदरात दलाली वजा जाता ४.९० जास्त पडतात, दलालाच्या पदरात फक्त ०.१०. तेवढ्यासाठी तो आणखी महिनाभर खेपा का घालेल? त्यात लबाडी असतेच असं नाही, मोबदल्याची रचनाच तशी आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातले घरविक्रीचे व्यवहार तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलालांनी स्वतःची घरं सुमारे ३.७ टक्के जास्त भावानं विकलेली आढळली आणि ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवलेली होती. तेव्हा "लगेच होकार द्या, असं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही" हे वाक्य ऐकलं की हे ०.१० आठवायला हरकत नाही.

मग स्वतः विकलं तर सगळी दलाली वाचते का? तसंही नाही. मध्ये दलाल नाही हे घेणाऱ्याला दिसतं आणि ती वाचलेली रक्कम तो स्वतःच्या सवलतीत धरूनच बोलायला बसतो. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या एका अभ्यासात, तो २००९ साली प्रसिद्ध झाला, दलालामार्फत विकल्यानं भाव लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. पण दलालांच्या सामायिक यादीतली घरं लवकर विकली गेली. थोडक्यात, तुम्हाला घाई किती आहे हा प्रश्न टक्केवारीइतकाच मोठा आहे.

सारख्याच घरांची इमारत असेल, भाव सगळ्यांना ठाऊक असेल, किंवा भाडेकरू वा शेजारीच घेणार असेल, तर स्वतः विकणं सोपं. अशा वेळी वकिलाला ठरावीक फी द्या, दलाल लागत नाही. घर जगावेगळं असेल, तुम्ही दूर राहत असाल, किंवा चार वारस एकमेकांशी धड बोलत नसतील, तर मध्ये त्रयस्थ माणूस असलेला बरा.

स्वतः विकणाऱ्यांची खरी परीक्षा फोनवर होते. पहिल्याच मिनिटात समोरचा विचारतो, "शेवटचा आकडा सांगा." सांगितलात की तोच त्याच्यासाठी सुरुवातीचा आकडा होतो. उत्तर एवढंच द्या, "घर बघा, पसंत पडलं तर बसून बोलू." मग तुम्ही तीन गोष्टी विचारा. कर्ज काढणार का आणि बँकेनं किती रकमेला तत्त्वतः मंजुरी दिली आहे? आधी स्वतःचं घर विकायचं आहे का? ताबा कधी हवा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर तुमची विक्री त्याच्या विक्रीवर टांगलेली राहील. अशा माणसाच्या शब्दावर जाहिरात उतरवू नका. न बघताच घर घेतो म्हणणारा आणि विसार पाठवतो, तुम्हाला फोनवर आलेला संकेतांक, म्हणजे ओटीपी, सांगा म्हणणारा भेटला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला संकेतांक सांगावा लागत नाही. घर दाखवताना एकट्यानं थांबू नका. कागदपत्रांच्या प्रती द्याल तेव्हा त्यांवर "केवळ पाहणीसाठी" आणि तारीख आडवी लिहा.

भिंतीतली ओल रंगाखाली झाकू नका. काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात आणि तोवर विसार झालेला असेल तर भांडण ठरलेलं. गळती कुठून आहे ते शोधून दुरुस्त करा, नाहीतर सांगून भाव कमी करा.

दलाल घ्यायचाच असेल तर टक्क्यांवर घासाघीस करण्याआधी करारातल्या चार ओळी वाचा. मुदत किती? सुरुवातीला तीन महिन्यांहून जास्त देऊ नका. तुम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलंत तर दलाली द्यायची का? ती देय कधी होते, विसार मिळाल्यावर की पूर्ण रक्कम हातात पडल्यावर? पूर्ण रक्कम हातात पडल्यावर, यालाच हो म्हणा. आणि तो घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे का? घेणार असेल, तर तुमचा खालचा आकडा त्याला सांगू नका.

आधी स्वतः प्रयत्न करून मग दलालाकडे जायचं ठरवलं असेल, तर तारीख आजच ठरवा. सहा आठवडे पुरेत. या काळात ज्यांनी घर पाहिलं त्यांची नावं आणि तारखा वहीत टिपत जा. दलालाशी करार करताना ती यादी कराराला जोडा आणि यांच्यापैकी कुणी घर घेतलं तर दलाली लागू नाही, असं त्यावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.