फिर्यादीच्या हातातली प्रत

रात्री उशिरा एक बाई पोलीस ठाण्याची पायरी चढते, घडले ते कसेबसे सांगते, आणि समोरून पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा. ‘हे आमच्याकडे येत नाही, तिकडच्या ठाण्यात जा’ हे वाक्य ऐकून कित्येक जण फिर्याद न देताच घरी परतले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती समोर आलेल्या ठाण्याने नोंदवून घ्यायचीच असते. त्या नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ही प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढे अनेक ठिकाणी तीच दाखवावी लागते.

लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्यानंतर रुग्णालय सरकारी असो वा खासगी, त्याने तातडीने मोफत उपचार द्यायचे असतात. पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही रुग्णालयाचीच असते.

सर्वांत कमी माहिती असते ती आर्थिक साहाय्याची. आरोपीला शिक्षा झाल्याशिवाय काही मिळत नाही, असा समज घराघरांत आहे आणि त्यापायी फार नुकसान होते. प्रत्यक्षात आरोपीचा माग लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्ह्याच्या शासकीय संस्थेकडे, अर्ज करू शकतात, आणि त्यावरील चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करण्याची मुदत कायद्याने घालून दिली आहे. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यात काही प्रकरणांत १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मोडलेले आयुष्य पैशाने सांधले जात नाही, हे खरेच. पण उपचार, बुडालेली मजुरी आणि बदलावे लागलेले घर यांचा खर्च कुणालाच चुकत नाही.

अर्ज लिहिता येत नसेल, वकील परवडत नसेल, तरी अडून राहू नये. महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे; इतर मदतीसाठी महिलांना १८१ आणि मुलांना १०९८ हे क्रमांक आहेत. प्राधिकरणाचे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.