जोडीदाराला विमानाची भीती वाटते? ‘काही होत नाही’ म्हणू नका

नमस्कार! विमान धावपट्टीवर वळलं की माझा नवरा माझं मनगट धरतो. इतकं घट्ट, की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उतरल्यावरही दिसतो. कित्येक वर्षं मी त्याला एकच सांगायचे, “अरे, काही होत नाही.” त्याने त्याला कधीच धीर आला नाही. विमानप्रवास सुरक्षित आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण अंग ऐकत नाही, आणि माझ्या त्या वाक्याने तो आणखी एकटा पडायचा.

आता मी पुढे काय होणार ते आधी सांगते.

विमान उचललं की पायाखाली घरघर आणि मग धप्प. चाकं आत गेली. खरी परीक्षा त्यानंतर असते. साधारण १००० ते १५०० फुटांवर इंजिनांचा आवाज एकदम उतरतो, पोटात गोळा येतो, विमान खाली चाललंय असंच वाटतं. प्रत्यक्षात ते चढतच असतं. उड्डाणाला लागणारा जोर आता कमी केलेला असतो, चढण्याचा वेग जरा मंदावतो, आणि आतल्या कानाला ते पडल्यासारखं भासतं. म्हणून मी आधीच कानाशी सांगते, “आता आवाज उतरेल.” तो उतरतो, आणि मनगटावरची पकड सैल होते. दरवेळी!

हादऱ्यांसाठी पंखांजवळची सीट घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. शेपटीकडे जास्त. जमत असेल तर सकाळची फ्लाइट घ्या. जमीन तापली की हवा उसळते. पट्टा मात्र पूर्ण वेळ बांधलेलाच हवा. खिडकीतून पंख लवताना दिसतील, तेव्हा त्याला सांगा, पंख लवण्यासाठीच बनवलेले असतात. २०१० मध्ये बोइंग ७८७ चे पंख जमिनीवरच्या चाचणीत सुमारे २५ फूट वर वाकवले होते. उड्डाणात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार देऊन!

श्वास घेतो त्यापेक्षा सावकाश सोडायला सांगा, तुम्हीही बरोबर सोडा. गोळी घ्यायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मद्य नको.

मागच्या प्रवासात मी काही बोलण्याआधी तोच माझ्याकडे वळला. “चाकं गेली. आता आवाज उतरेल, ना?”

“हो,” मी म्हटलं. “आता उतरेल.”