वर्गाकडे पाठ

तास सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. वर्ग रिकामा. एक छात्राध्यापिका प्रोजेक्टरची वायर काढते, परत लावते. पडद्यावर चित्र मघाशीच आलंय, तरी तिचा हात वायरवरून निघत नाही. टेबलावर पाठ टाचण आहे आणि शेजारी खडूचे दोन तुकडे. लाइट गेली तर असावेत म्हणून.

काही दिवसांपूर्वी तिने एक प्रश्नावली भरली होती. 'मी वर्गात तंत्रज्ञान सहज वापरू शकते' या विधानापुढे पाचपैकी चार गुण. ते खोटं नव्हतं. व्हिडिओ कापणं, स्लाइड बनवणं, नवं अ‍ॅप स्वतःचं स्वतः शिकणं, हे सगळं तिला येतं. पण चार गुण तिने नेमके कशाला दिले, यंत्र चालवण्याला की त्या यंत्रासह शिकवण्याला?

२००१ साली अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द रूढ केला, म्हणजे संगणक आणि इंटरनेटच्या सहवासातच वाढलेली पिढी. त्यातून एक सोयीचा समज पसरला: तरुण शिक्षकाला तंत्रज्ञान वेगळं शिकवायला नको, ते त्याच्या हाडीमासी आहेच. हा समज या मुलामुलींवर अन्याय करतो. ज्याला सगळं येतंय असं गृहीत धरलं जातं, तो अडला तरी विचारत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त कमावला जातो तो स्वतः करून, जमवून. दुसऱ्याला करताना पाहूनही तो येतो, कुणी धीर दिल्यानेही येतो.

आता पाहण्याचाच हिशेब करा. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये अंदाज बांधला होता, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात. शिक्षक कसा असतो, हे आपण बाकावर बसूनच शिकतो. त्या तासांत तंत्रज्ञान म्हणजे अंधार केलेली खोली आणि भराभर पुढे सरकणाऱ्या स्लाइड एवढंच पाहिलं असेल, तर फळ्यापुढे उभं राहिल्यावर तेच हातून होतं.

तिच्या पहिल्या सराव पाठात तसंच झालं. विषय होता रेषेचा चढ, म्हणजे एक घर उजवीकडे गेल्यावर रेषा किती घरं वर जाते ते. बावीस स्लाइड. पाठाचं चित्रीकरण झालं होतं. ही पद्धत जुनी आहे: १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन सुरू झालं, तेव्हापासून छात्राध्यापक छोटा पाठ घेतात, तो पडद्यावर पाहतात आणि पुन्हा घेतात. तिने पाहिलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी मुलांकडे बघितलंच नाही."

मला वाटतं, प्रश्नावलीतल्या त्या चार गुणांपेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये एक आराखडा मांडला. विषयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तीन वर्तुळं एकमेकांत शिरतात, तिथे शिक्षकाचं खरं काम असतं. कागदावर हे वाचताना रुक्ष वाटतं. वर्गात ते असं दिसतं:

दुसऱ्या पाठाला स्लाइड नाहीत. पडद्यावर आलेख, त्यावर एक रेषा आणि चढ बदलणारा स्लायडर. माऊस एका मुलीच्या हातात. चढ १. चढ २. चढ १०. रेषा उठत जाते. चढ १०० केल्यावर ती जवळजवळ सरळ उभी दिसते. मागच्या बाकावरून आवाज येतो, "झाली उभी!"

स्लाइडमध्ये या वाक्याला जागा नव्हती. छात्राध्यापिका आता मुलांच्या मधे उभी आहे. ती विचारते, "खरंच?" मुलगी आलेख वर सरकवत नेते. शंभर घरं वर गेल्यावर रेषा बरोबर एक घर उजवीकडे सरकलेली.

"मग चढ किती केला म्हणजे ती पूर्ण उभी होईल?"

हजार, कुणी म्हणतं. लाख. मुलगी स्लायडर टोकापर्यंत ओढते. तो पुढे जात नाही.

छात्राध्यापिका टेबलापाशी जाते आणि खडूचा एक तुकडा उचलते. फळ्यावर एक उभी रेषा काढते, तिच्यावर दोन बिंदू घेते आणि मुलांकडे वळते. "या दोन बिंदूंमध्ये आपण उजवीकडे किती घरं सरकलो?"