चाळिशी आणि एक वाटाणा

(पडद्यावर: टेबलावर ठेवलेला जुना, गोल काचांचा चष्मा. मागे प्रोजेक्टरची घरघर.)

मराठीत चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे चित्रपटवाले दादासाहेब फाळके, यांना या दोन्ही चाळिशा एकदमच लागल्या.

1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके चाळिशीला टेकले, तेव्हा गाठीला काय होतं? गोध्र्याचा फोटो स्टुडिओ. प्लेगात पहिली बायको आणि मूल गेल्यावर तो सुटला. पुराणवस्तू खात्यातली नोकरी; तीही सोडलेली. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने केलेले जादूचे प्रयोग. आणि एक छापखाना. त्यासाठी जर्मनीला जाऊन आले, नाव झालं, मग भागीदारांशी बिनसलं आणि बाहेर पडले.

आपल्याकडे अशा माणसाला धरसोड्या म्हणतात. नातेवाईक जरा हळू आवाजात म्हणतात, एवढंच.

1910-11च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण हलू लागले. दुसऱ्या खेळाला त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेलं.

पुढचे कित्येक महिने दुसरं काही नाही. मिळेल तो चित्रपट बघायचा, घरी येऊन रात्र रात्र खटपट करायची, झोप जेमतेम. डोळ्यांनी दगा दिला, दिसेनासं होऊ लागलं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली, तीही पुन्हा पडद्याकडेच वळली.

(पडद्यावर: लंडनच्या रस्त्याचं जुनं छायाचित्र.)

फाळक्यांना अपयशाची भीतीच नव्हती, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तीन-चार डाव मोडून झालेल्या माणसाला अपयश कसं दिसतं, घरात कसं वावरतं, हे पक्कं ठाऊक असतं. आणि पदरात लेकरं होती.

विम्याच्या पॉलिसीवर त्यांनी दहा हजार रुपये कर्ज काढलं आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनची बोट धरली. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली, आत शिरले, संपादक कॅबर्न यांना बेत सांगितला. कॅबर्ननी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडातच किती निर्माते बुडाले ते ऐकवलं, हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवेल का अशी शंकाही काढली. फाळके हटेनात, तेव्हा कॅबर्ननीच त्यांना इंग्रज चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये फाळके मुंबईत परतले.

आता खरी पंचाईत. कॅमेरा येणार, पण चित्रपट काढायला भांडवल लागणार. आणि धरसोड्या माणसाला पुन्हा पैसे कोण देणार?

(पडद्यावर: कुंडीतली माती. अगदी जवळून.)

इथे त्यांनी जे केलं, ते मला पुढे काढलेल्या अख्ख्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी वाटाणा पेरला.

कुंडीत वाटाणा, समोर कॅमेरा. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपायचं. असं महिनाभराहून जास्त. मग ती पट्टी पडद्यावर चालवली: माती फुगली, फुटली, अंकुराने मान वर काढली, पानं उलगडली, वेल चढला. महिन्याभराची वाढ मिनिटाभरात. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव.

फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांना ती दाखवली. या माणसाला हे तंत्र येतं, हे डोळ्यांनी दिसलं आणि पैसे उभे राहिले. मोठ्या चित्रपटाची भीती कितीही असो, वाटाण्याची कशाला असेल? तो नाहीच उगवला, तर दुसरा पेरता येतो.

तरी पैसा कमीच पडला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. हे वाक्य आपण फार पटकन उच्चारतो, म्हणून जरा थांबू या. बुडालं असतं, तर फाळक्यांचं नाव बुडालं असतं. पण सोनं सरस्वतीबाईंचं गेलं असतं. त्यांच्या भीतीबद्दल त्यांना कुणी विचारलं असेल का?

दादरला काम सुरू झालं. तारामतीसाठी बाई मिळेना, मग खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवायचा, तेही त्यांच्याकडे.

3 मे 1913. गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. तीनच दिवसांपूर्वी फाळक्यांना 43 वर्षं पूर्ण झाली होती.

(पडद्यावर: अंधार. फक्त यंत्राचा खट्-खट् आवाज.)

त्या चित्रपटाची लांबी 3,700 फूट. कच्ची फिल्म तेव्हा कडांना भोकं न पाडलेली यायची. एका चित्राला एका कडेला चार भोकं, फुटाला सोळा चित्रं. म्हणजे एका फुटाला, एकाच कडेला, 64. भोक तिरकं पडलं की पडद्यावर राजा उडी मारणार. उजेड लागला की फिल्म वाया.

म्हणून दिवसभराचं जेवणखाण उरकल्यावर, रात्री, बंद खोलीत, सरस्वतीबाई भोकं पाडत बसायच्या. अंधारात, बोटांच्या अंदाजाने.