आधी बोट, मग नाव

श्रोतेहो, नमस्कार.

ॲनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना, कशी शिकवावी याबद्दल रेडिओवरून बोलायचं म्हणजे पंचाईतच. ना फळा, ना चित्र, ना हाडांची पेटी. पण एक सोय आहे. शरीर तुमच्याजवळच आहे. तर तर्जनी गळ्याच्या तळाशी असलेल्या खळगीत ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून सावकाश खाली न्या. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. लागला? तिथून बोट बाजूला सरकवलं की भेटते ती दुसरी बरगडी. पहिली गळपट्टीच्या हाडामागे दडलेली असते, ती नीट चाचपता येत नाही. म्हणून स्टेथोस्कोप कुठे टेकवायचा हे ठरवताना बरगड्यांची मोजणी इथून, थेट दोनपासून सुरू होते. याच पातळीवर आत श्वासनलिकेचे दोन फाटे होतात. महाधमनीची कमान इथेच सुरू होते आणि इथेच संपते.

या उंचवट्याचं नाव मी अजून सांगितलेलं नाही. वर्गातही लगेच सांगत नाही. आधी तो बोटाला सापडू दे, मग त्याच्यामागे काय काय आहे ते कळू दे. नाव सगळ्यात शेवटी: स्टर्नल अँगल. आम्ही नेमकं उलटं शिकलो. आधी नावांची यादी, तीही परक्या भाषेतली. रात्रभर घोकायची, व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ओकायची, की झालं. प्रौढ माणसाची हाडंच २०६, स्नायू आणि नसा वेगळ्याच.

हे दुखणं जुनं आहे. युरोपात एके काळी प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं लिखाण वाचून दाखवत, चिरफाड दुसराच कोणी करी आणि विद्यार्थी लांबून बघत. गेलेनचा अभ्यास मुख्यतः जनावरांच्या शरीरांवर झालेला. त्यानं माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडं सांगितली होती. वेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकानं सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि १५४३ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात जबडा एकाच हाडाचा झाला. गंमत बघा, तोवर ते वाचणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात तो एकसंध जबडा होताच की!

हाताइतकंच काम पेन्सिल करते. मानेतून हाताकडे येणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं घ्या. पाच मुळं, त्यांची तीन खोडं, मग फाटे, ते पुन्हा एकमेकांना जोडलेले. छापील आकृती समोर असली की सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढा म्हटलं की पेन्सिल अडते. मी ती कुठे अडते तेवढंच बघत फिरतो आणि तिथूनच शिकवायला लागतो. सुबक चित्राची अपेक्षा नसते. माझी स्वतःचीही चित्रं हसण्यासारखीच असतात.

मोबाइलवर गोल फिरणारी त्रिमितीय मॉडेलं मला आवडतात. पण त्यांतलं शरीर दर वेळी तेच, अगदी आदर्श. म्हणून मनगटाचा पाठ असला की मी मुलांना अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक जुळवून मनगट किंचित आत वाकवायला लावतो. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. ती पामारिस लाँगस स्नायूची कंडरा. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करतं, "सर, माझ्या हातात नाहीच!" शेजारची मुलगी दोन्ही हात ताडून बघते, तर तिच्या एकाच हातात. सगळा वर्ग एकमेकांची मनगटं पकडून बसतो आणि पुढची दहा मिनिटं मला बोलावंच लागत नाही.