केलेलं काम कुठं जातं?

रात्रीचे साडेनऊ. मजल्यावर एकाच टेबलाशी दिवा आहे. तक्त्यातले आकडे तिसऱ्यांदा ताडून झाले, चुकलेली एक बेरीज सापडली, फाइल गेली. सकाळी निरोप येतो: ‘मीटिंग रद्द झाली. ती फाइल आता नको.’

पगार कापला गेला नाही. कुणी रागावलंही नाही. तरी त्या दिवशी कामाला हात लागत नाही.

वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका याच जागी बोट ठेवतो. विद्यार्थ्यांना लेगोची खेळणी जोडायला दिली, एकेकात ४० तुकडे. पहिल्याचे २ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ११ सेंट कमी. कंटाळा आला की थांबायचं. काहींची तयार खेळणी टेबलावर ओळीनं उभी राहत गेली. इतरांचं मात्र वेगळंच. हातातलं खेळणं जोडत असताना, समोर बसलेला माणूस आधीचं खेळणं सुटं करायचा आणि तेच तुकडे पुन्हा पुढे सरकवायचा.

मोबदला दोन्ही गटांना सारखाच. खेळणी शेवटी मोडली जाणार, हेही दोन्ही गटांना ठाऊक. पहिल्यांनी सरासरी १०.६ जोडली, दुसऱ्यांनी ७.२.

मग पैशाचं काय? १९५९ साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून मांडलं, की पगार अपुरा असला की माणूस नाराज होतो. पण समाधान येतं ते प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून, कुणीतरी दखल घेण्यातून. मला हे पटतं. पण ज्याच्या महिन्याची तोंडमिळवणी होत नाही, त्याला हे ऐकवू नये. पगारवाढ मागणाऱ्याच्या हातात कौतुकाचं प्रमाणपत्र ठेवणं ही सरळ फसवणूक आहे.

आता एक कॉल सेंटर. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागायच्या आणि दिवसभर नकार ऐकायचे. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली इथल्या काही कर्मचाऱ्यांची एका विद्यार्थ्याशी भेट घडवली. याच देणग्यांतून त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती. पाच मिनिटं प्रश्नोत्तरं झाली, तो निघून गेला.

महिन्याभरानं पाहिलं, तर या कर्मचाऱ्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

दुसऱ्या एका गटाला त्याच विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं होतं. त्यांच्यात काहीच बदललं नव्हतं.